कोल्ड रूममधली बाई

आमच्या दूध संघाच्या कोल्ड रूममध्ये एक बाई राहते, हे मला नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. सांगणाऱ्या पॅकिंगच्या मावशी होत्या, प्लँटवरच्या बायकांत सगळ्यांत जुन्या. दुधाच्या पिशव्या क्रेटमध्ये रचता रचता माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "म्याडम, आत एकटं जात जाऊ नका. आत बाई हाय." मला वाटलं आत कुणीतरी काम करतंय. असू द्या की, मला फक्त सॅम्पल घ्यायचंय, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतलं.

"तसली बाई न्हाई. मागून येती. हात ठिवती. लई गार हात हाय तिचा."

मी प्रयोगशाळेत होते. नाव मोठं असलं तरी ती एक खोली होती. एक टेबल, फॅट काढायचं यंत्र, काचेच्या नळ्या आणि एक हात मोडलेली खुर्ची. गावोगावच्या सोसायट्यांवरून कॅन यायचे, त्यातलं दूध तपासायचं आणि पॅकिंग झालेल्या मालाचं सॅम्पल कोल्ड रूममधून आणून बघायचं, हे माझं काम. म्हणजे त्या बाईच्या घरात मला दिवसातून निदान दोनदा जावंच लागणार होतं.

प्लँट गावाबाहेर मुरमाड माळावर. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, आदल्या वर्षीही झाला नव्हता. जनावरं छावणीत गेलेली, दूध निम्म्याहून खाली आलेलं, त्यामुळं रिकाम्या कॅनची आणि क्रेटची चळत भिंतीला लावून ठेवलेली असे. दुपारी बाराच्या सुमाराला आवारात चिटपाखरू नसायचं. कॉम्प्रेसरची घरघर तेवढी चालू असायची, आणि ती इतकी सारखी चालायची की थोड्या वेळानं ऐकू येईनाशी व्हायची. मग आपण शांततेत बसलोय असं वाटायचं आणि कुणी दोन हातांवरून बोललं तरी कळायचं नाही.

कोल्ड रूमचं दार जाडजूड, वीतभर जाडीचं. ते उघडलं की आतली पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत बाहेर यायची आणि पायाभोवती फिरायची. दारासमोरची फरशी कायम ओली. आख्ख्या तालुक्यात हंडाभर पाण्यासाठी बाया तासन् तास उन्हात बसत होत्या, आणि इथं फरशीला मात्र पाझर फुटल्यागत ओल. त्या ओलीवर कधी कधी पावलांसारखे डाग उमटलेले दिसत. असतील आमच्याच कुणाच्या तरी चपलांचे. पण पॅकिंगच्या बायका त्या डागांना वळसा घालून जात आणि मीही घालू लागले.

विज्ञान शिकल्यामुळं भूत म्हटलं तरी पुरावा मागायची मला खोड. मी चौकशी केली. ही बाई कोण, कुठली? प्लँटची विहीर खणताना दरड कोसळली, तिच्यात गाडली गेलेली मजुरीण, असं उत्तर मिळालं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, इथं विहीर कधी खणलीच नाही, पहिल्यापासून बोअरच आहे. मग मी तिच्या सवयींकडे लक्ष द्यायला लागले. ती फक्त बायकांनाच धरायची. हमाल दिवसभर आतबाहेर करत, त्यांच्या वाटेला कधी गेली नाही. ती आठवड्याची सुट्टी घ्यायची. मॅनेजर मीटिंगला बीडला गेले की तीही कुठंतरी जायची. एकदा मॅनेजरना कावीळ झाली. तेव्हा तिलाही बरं नसावं, कारण तेवढे दिवस पॅकिंगच्या बायका दार सताड उघडं टाकून त्या गारव्याच्या तोंडाशी बसून डबे खात होत्या आणि हसत होत्या.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खरं भूत निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पुढं एकदा मावशी रजेवर असताना सॅम्पल तातडीनं लागलं आणि मी एकटीच आत गेले. आमची सगळ्यांची रीत अशी, की दारात एक रिकामा क्रेट अडकवून ठेवायचा, म्हणजे दार लागत नाही. तसा मी अडकवला होता. पिवळ्या बल्बच्या उजेडात मी पिशव्या निवडत होते. आधी बल्ब गेला. मग क्रेट सरकल्याचा आवाज आला आणि दार लागलं. असा काळोख मी त्याआधी पाहिला नव्हता, डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेना. आणि मग रचलेल्या क्रेटच्या पलीकडून कुणाचा तरी श्वास ऐकू आला, अगदी सावकाश चाललेला. पाठीवर हात आला. तो गार नव्हता. चांगला गरम होता, आणि वेलदोड्याचा वास आला.

मॅनेजरना वेलदोडा चघळायची सवय होती.

हातातली काचेची बाटली मी लोखंडी मांडणीवर आपटली. काच फुटली, पाठीवरचा हात गेला, दार उघडलं. मी बाहेर आले तेव्हा मॅनेजर पॅकिंग मशीनपाशी उभे राहून हमालाला माल कधी निघणार ते विचारत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, लाइट गेलती वाटतं. आवाज इतका साधा, इतका नेहमीचा, की क्षणभर माझी मलाच शंका आली. त्या माणसाचं मला सगळ्यांत भय वाटलं ते तेव्हा.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सोड नोकरी. मी म्हटलं, मी कशाला सोडू? चोराला सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही आपली जुनी हौस आहे, आणि मला त्या फाशीवर चढायचं नव्हतं. पण तक्रार कुणाकडं करायची, हाही प्रश्नच होता. कारण मॅनेजर म्हणजे पाणी आणणारा माणूस. प्लँट थंड ठेवायला पाणी लागतं आणि आमची बोअर केव्हाच आटली होती. गेवराईकडून टँकर कसे मिळवायचे, वाटेत कुणाला काय सांगायचं, हे फक्त त्यांना ठाऊक. त्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही तर सबंध प्लँट बंद पडेल, अशी स्थिती. संचालक त्यांना खुर्ची द्यायला उठून उभे राहत.

मावशींनी मला पुढं केव्हातरी सांगितलं, की त्या एकदा चेअरमनकडे गेल्या होत्या. चेअरमन वाईट माणूस नव्हता. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी हा संघ उभा केला होता, बायकांशी ते कधी वर मान करून बोलत नसत. मावशींचं त्यांनी ऐकून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाले, गडबडीत लागला असेल हात, जरा सांभाळून राहत जा, आणि हे आणखी कुठं बोलू नको, संघाची बदनामी होते. मावशी चहा पिऊन परत आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोल्ड रूममध्ये बाई राहायला आली.

ती तुम्हीच तिथं नेऊन ठेवलीत का, असं मी मावशींना कधी विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नाही, कारण मावशी डबा खाताना भाकरीचा एक चतकोर मोडून त्या दारापाशी ठेवत. बिचारी एकटी असती आत, म्हणत. थट्टेनं म्हणत होत्या का खरोखर, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधी कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तो चतकोर गेलेला असायचा. उंदीर नेत असतील, असं मी स्वतःला सांगायची.

एवढं मात्र खरं, की त्या बाईनं आम्हाला सांभाळलं. आत एकटी जाणार नाही, मला भीती वाटते, असं म्हणायला आता कारण मिळालं होतं. कुणाचं नाव घ्यायला लागत नव्हतं. नवी बाई कामाला लागली की तिला पहिल्याच दिवशी भुताची गोष्ट सांगायची. अर्थ ज्याचा त्याला कळायचा. आणि गंमत बघा, भुताची गोष्ट संचालक मंडळापर्यंत पोचली तेव्हा मंडळ खडबडून जागं झालं. माणसाची तक्रार केली तेव्हा चहा मिळाला होता, भुताची केली तेव्हा ठराव झाला. अमावस्या बघून कोल्ड रूमच्या दारावर लाल फडक्यात कोहळा बांधला. बांधला कुणी, तर मॅनेजरनी, स्वतः स्टुलावर चढून. शिवाय नियम केला, की बाजूला बसलेल्या बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, त्यानं तिकडची शक्ती खवळते.

नियम ऐकून आम्ही तोंडाला पदर लावला. त्यानंतर आमच्या प्लँटवरच्या सगळ्या बायका महिन्याचे तीसही दिवस बाजूला बसायला लागल्या. मॅनेजर कुणालाही आत पाठवायला निघाले की ती खाली मान घालून गप्प उभी राहायची. पुरुषमाणूस त्यावर काय बोलणार? असा काही काळ बरा गेला. मात्र तो कोहळा उन्हाळ्यात आतून सडला आणि त्यातून काळपट पाणी दारावर ठिबकायला लागलं. तो वास नाकात बसला होता तो बसलाच. उतरवायची कुणाची हिंमत होईना.

अशात ती नवी मुलगी आली.

चौसाळ्याच्या बाजूची, बी.एस्सी. झालेली, एसटीनं ये-जा करणारी. वडील गवंडी. पाणी नाही म्हणून बांधकामं बंद, म्हणून वडील घरी आणि घर हिच्या पगारावर. तिची ऑर्डर हंगामी होती. ती संपली की पुढची द्यायची की नाही हे मॅनेजरच्या शेऱ्यावर अवलंबून, हे तिला आल्याआल्याच बजावण्यात आलं होतं. मावशींनी पहिल्या दिवशी तिला रीतीप्रमाणं गोष्ट सांगितली. ती नीट ऐकून घेऊन हसली. म्हणाली, "मावशी, आमच्या घरी हे मानत न्हाईत. आजोबांनी धम्म घेतला तवाच देव, भूत, अंगारे-धुपारे सगळं नदीत सोडलंय."

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच घाबरल्याची खूण पाहिली. भूत न मानणारी बाई आमच्यात यापूर्वी कुणी आलीच नव्हती.

सकाळच्या चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेतलं. मॅनेजरची खुर्ची पाठीमागंच होती, तेव्हा जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलले. भूत नसतं हे मलाही माहीत आहे, पण तू आत एकटी जाऊ नकोस, असं म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा कीव येऊन बघितलं. एवढी शिकलेली बाई आणि हीसुद्धा यातलीच, असं तिच्या मनात आलं असणार. दुसरं म्हणजे, बाजूला बसायचा नियमही तिनं उडवून लावला. मॅनेजरनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, की मला अडचण नाही, आणि असती तरी मी गेले असते. मॅनेजर म्हणाले, शाब्बास, अशी माणसं पाहिजेत संघाला. तोंडात वेलदोडा होता.

मी आणि मावशींनी ठरवलं, की संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत तिच्याबरोबर चालत जायचं आणि वाटेत नाव घेऊन सांगायचं. तेवढी संध्याकाळ मिळाली नाही.

भर बाराची वेळ. टँकर आला होता म्हणून सगळे पुढच्या बाजूला. पाइपातून पाणी टाकीत पडल्याचा आवाज येत होता, आणि त्या वर्षी तो आवाज ऐकायला माणसं कामं सोडून उभी राहत. मीही राहिले. मग मावशींनी माझं मनगट धरलं. मी मागं बघितलं. दारात अडकवायचा क्रेट भिंतीशी नीट उभा करून ठेवलेला होता आणि दाराबाहेरचं बल्बचं बटण बंद होतं.

दार मावशींनी ओढलं. वाफ बाहेर आली, आणि त्या वाफेतून आधी दोन हात आले, पांढरे पडलेले, पुढं चाचपडत. मग ती आली. ओढणी नव्हती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिच्या मागून, घाईगडबड न करता, शर्टाची बाही सारखी करत मॅनेजर आले. जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाले, बाधा झाली पोरीला. ओरडल्याचं ऐकलं म्हणून मी आत गेलो.

तोवर बरेच जण गोळा झाले होते. हमालांपैकी एकानं हात जोडले. कुणीतरी लिंबू आणायला पळालं. त्या मुलीनं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि मग तिला आवाज फुटला.

"आत भूत न्हाई," ती म्हणाली. "हे हायत."

कोहळ्यातून पाणी ठिबकत होतं.

तिनं त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. कायद्यानं अशा तक्रारीसाठी समिती असावी लागते, आणि आमच्याकडे ती होती बरं का. ऑफिसच्या भिंतीवर, आगीच्या वाळूच्या बादलीशेजारी, निळ्या अक्षरांत रंगवलेली. अध्यक्ष म्हणून कामावरचीच एखादी वरिष्ठ बाई हवी, पण आमच्या अध्यक्ष म्हणजे चेअरमनच्या सूनबाई, ज्यांनी प्लँट आतून पाहिलाही नव्हता. समितीची बैठक कधी झाली, असं मी कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, भिंत रंगवली त्या दिवशी फोटो काढला होता.

त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर येतात. आमचं भूत आमच्यावर उलटलं. मॅनेजरनी जबाब दिला, की आत बाधा आहे हे संघालाच मान्य आहे, मंडळाचा ठराव आहे, कोहळा आहे. या मुलीनं नियम मोडला, थट्टा केली, आणि तिला त्याचा झटका बसला. आजवर किती बायकांना हात लागला ते त्यांनाच विचारा. आणि खरंच आम्हाला विचारलं गेलं. तुम्हाला आत हात लागला होता का? होय. तो बाईचा होता असं तुम्हीच सांगत होता ना? यावर पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आम्हाला वाचवणारी ती ओली, गार हाताची बाई आता मॅनेजरच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली होती, आणि मला तर खोलीत ती दिसायचीच बाकी होती. मी माझा जबाब दिला. गरम हात, वेलदोडा, सगळं. कारकुनानं लिहून घेतलं आणि विचारलं, अंधारात तोंड दिसलं होतं का?

मुलीला निरोप गेला, की तिला ही जागा लाभत नाही असं दिसतं. तिच्याच भल्यासाठी ऑर्डर पुढं वाढवणार नाही. मंडळ एक शांती करून घेईल, खर्च संघ करेल.

शांतीच्या तयारीला चेअरमन आणि तीन संचालक प्लँटवर आले. ऊन मी म्हणत होतं. ती मुलगी त्या दिवशी कामावर आली होती, नवी ओढणी घेऊन. मला वाटलं, ती रडेल किंवा हात जोडेल. तिनं तसं काही केलं नाही. चेअरमनसमोर उभी राहून विचारलं, साहेब, आत काही तरी आहे हे तुम्ही मानता का? चेअरमन म्हणाले, मानतो म्हणूनच एवढं करतोय ना पोरी.

"मग चला आत," ती म्हणाली. "मी येते संगं. दार लावून थांबू."

संचालकांपैकी एकाला तेवढ्यात फोन आला. दुसरा म्हणाला, पायात चप्पल आहे, तसं आत जाणं बरं नाही. तिसरा नुसताच दोन पावलं मागं सरकला. मला हसूही आलं आणि संतापानं कानशिलं तापली. मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"तुमाला दिवसाढवळ्या जायची भीती वाटती, तिथं आमाला रोज पाठवता," ती म्हणाली. "आत भूत हाय असं वाटलं तरी पाठवलं. माणूस हाय म्हणलं तरी पाठवताय. का म्हून?"

चेअरमनच्या मानेची शीर फुगली. आयुष्यात त्यांना कुणी असं विचारलं नसेल. त्यांनी टोपी काढून संचालकाच्या हातात दिली, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, कुणी संगं यायची गरज नाही, मी एकटाच जातो. कोहळ्याखालून वाकून ते आत गेले. दार आपल्या वजनानं हळूहळू लागलं.

आणि ते लागताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दाराशेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं बल्बचं बटण बंद केलं.

कुणी सांगितलं नव्हतं. ते स्वतः दुसरीकडेच बघत होते. तो हात एकटाच गेला, जसा तो कित्येकदा गेला असेल. मग त्यांनाही कळलं. त्यांनी हाताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि वीज वाचवायची सवय आहे, असं काहीतरी पुटपुटले. हात बटणापाशीच राहिला होता. संचालकाच्या हातातली टोपी खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. मॅनेजर त्या दिवशी निलंबित झाले आणि चौकशीअंती गेले. पाणी आणणारा माणूस गेला म्हणून पंधरवडाभर हाल झाले, दोनदा दूध नासलं, मग टँकर मिळाले. ते दुसऱ्यालाही मिळवता येतात हे तेव्हा कळलं. भिंतीवरची समिती पुसून खरी नेमली, कामावरच्या बायकांची, आणि बाहेरून बीडच्या एक वकीलबाई. पॅकिंगच्या बायकांनी त्यांच्यापुढं बंद खोलीत एकेकीनं जबाब दिले, या वेळी भुताशिवाय. मुलीची ऑर्डर वाढली. या सगळ्याबद्दल चेअरमनना लोकांनी बरंच चांगलं म्हटलं. मी त्या कौतुकात टाळ्या वाजवल्या नाहीत. जे करणं त्यांचं पहिल्या दिवसापासून कामच होतं, ते त्यांनी मावशींच्या चहाच्या दिवशी केलं असतं तर एवढ्या बायका त्या काळोखात उभ्या राहिल्या नसत्या.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते दार.

आतून ते उघडायची दांडी निखळली होती. हरवू नये म्हणून मॅनेजर ती स्वतःच्या खिशात ठेवत. ती बसवून घ्यावी असं संघाला कधी सुचलं नव्हतं, आणि चेअरमनना तर हे ठाऊकच नव्हतं. ते आत होते, काळोखात. बाहेर कॉम्प्रेसर घरघरत होता. आम्ही सगळे त्या बटणावरच्या हाताकडे बघत उभे होतो आणि दार उघडायचं कुणाला भानच राहिलं नाही. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेवटी ती मुलगीच पुढं झाली. तिनं मॅनेजरच्या अंगाला अंग लागू न देता वाकून दार धरलं आणि ओढलं.

चेअरमन दारालाच चिकटून उभे होते. दोन्ही मुठी वर, दारावर मारून मारून लाल झालेल्या. चेहरा राखेसारखा. पापण्यांना दव धरलं होतं. उजेडात त्यांना आधी काही दिसेना. घसा बसला होता, शब्द धड फुटत नव्हते.

"मी हाका मारत होतो," ते म्हणाले. "केवढ्या हाका मारत होतो. कुणाला ऐकू कसं आलं न्हाई?"

मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या चेअरमनशी कधी वर मान करून बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"आमीबी मारत होतो, साहेब," त्या म्हणाल्या.